आधी मतदार यादी हातात घ्या, मग ईव्हीएमवर बोलू

निकाल लागला की त्याच संध्याकाळी प्रत्येक ग्रुपवर ईव्हीएमची चर्चा पेटते. प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होते त्या आठवड्यात मात्र तहसील कचेरीच्या निवडणूक शाखेत चिटपाखरू नसतं. हा लेख त्या रिकाम्या आठवड्यात काम करायची तयारी असणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही कुठल्या पक्षाचे नाही, वकील नाही, पण चार-पाच शेजारी जमवू शकता. तेवढ्या बळावर एका मतदान केंद्रापुरतं काय करता येतं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठला कागद कुठे द्यायचा, हे इथे सांगतो. उदाहरणं महाराष्ट्र विधानसभेची घेतली आहेत, कारण आपल्याला तीच जवळची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. निवडणुकीच्या सगळ्या कारभारात सामान्य माणसाला स्वतः तपासता येईल आणि चुकलं तर दुरुस्तही करून घेता येईल अशी मुख्य गोष्ट म्हणजे यादी. यंत्राबद्दल शंका असू शकते, ती विचारावी; पण यंत्र तुमच्या हातात कधी येणार नाही. यादी येते, तीही फुकट.

आवाका ठरवा

२०२४ च्या विधानसभेला राज्यात २८८ मतदारसंघ होते, एक लाखाच्या वर मतदान केंद्रं आणि जवळपास ९ कोटी ७० लाख मतदार. या आकड्यांकडे बघून छाती दडपते, म्हणून ते लगेच विसरा. तुमचं क्षेत्र म्हणजे एक यादीभाग. एका मतदान केंद्राची यादी म्हणजे एक भाग, त्याला भाग क्रमांक असतो. पूर्वी एका केंद्रावर १,५०० पर्यंत मतदार असायचे, आता भारत निवडणूक आयोगाने ही मर्यादा १,२०० वर आणली आहे. म्हणजे तीन-चार सोसायट्या, किंवा एक वाडी आणि दोन गल्ल्या. चार-पाच जणांना शनिवार-रविवार धरून पेलेल एवढंच हे काम आहे.

गटात माणसं घेताना एक पथ्य पाळा: सगळे एकाच विचाराचे नकोत. यादी तपासायला दार वाजवणारी जोडी एकाच पक्षाची आहे असं गल्लीला कळलं, की पुढची दारं अर्धीच उघडतात. दोन वेगळ्या मतांची माणसं एकत्र फिरली तर ती एकमेकांवरही आपोआप लक्ष ठेवतात. भागातली एखादी जुनी बाई जरूर घ्या, जिला कोण कुणाची सून आणि कोण कधी गेलं हे तोंडपाठ आहे. तिच्यापुढे कुठलंही ॲप फिकं पडतं.

दोन आयोगांची गल्लत करू नका

नवखे इथेच पहिल्यांदा अडतात, म्हणून पटकन सांगतो. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका राज्य निवडणूक आयोगाकडे. राज्य आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही. ठरावीक तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये महापालिकांच्या प्रारूप याद्या आल्या, मुंबईत सुमारे ११ लाख संभाव्य दुबार नोंदी असल्याचं दिसलं आणि संशयित नावांपुढे दोन तारे छापायची पद्धत सगळ्यांना कळली, तेव्हा लोक राज्य आयोगाकडे 'नाव काढा, नाव घाला' म्हणत गेले. तिथे ते होत नाही. तिथे फार तर चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव किंवा यादी फोडताना झालेली लेखनिकाची चूक दुरुस्त होते. मूळ नाव घालणं-काढणं विधानसभेच्या यादीतच, म्हणजे मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे. हा अधिकारी बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी असतो आणि तहसीलदार त्याचा सहायक. थोडक्यात, महापालिकेच्या निवडणुकीचं कामसुद्धा विधानसभेच्या यादीवर आणि वर्षभर आधी करायचं असतं.

यादी मिळवा आणि नीट वाचा

भारत निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावर जिल्हा, मतदारसंघ आणि भाग निवडला की पीडीएफ उतरवता येते. मूळ यादी आणि पुरवणी याद्या, दोन्ही घ्या. नुसती मूळ यादी वाचून आरडाओरडा करणारे बरेच भेटतात. ज्या नावावरून ते ओरडत असतात ते पुरवणीत कधीच वगळलेलं असतं.

पीडीएफ हाती आली की लगेच लक्षात येईल, ती संगणकावर शोधता येत नाही. पानं चित्राच्या स्वरूपात असतात. संगणकाला वाचता येईल अशी यादी द्या, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती आणि २०१८ मध्ये ती मान्य झाली नाही. तेव्हा यादी छापा. हो, कागदावरच. पेन्सिल घेऊन वाचलेल्या यादीत जे दिसतं ते मोबाइलवर बोटाने सरकवलेल्या यादीत दिसत नाही.

पहिल्या पानावर केंद्राचं नाव-पत्ता आणि या भागात कोणकोणते विभाग, म्हणजे गल्ल्या-वस्त्या येतात ते असतं. तुमच्या इमारतीचं नाव तिथेच नसेल तर तुम्ही चुकीचा भाग घेऊन बसला आहात. पुढच्या पानांवर चौकोन. प्रत्येक चौकोनात अनुक्रमांक, मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि कोपऱ्यात ओळखपत्राचा क्रमांक: तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे. वगळलेल्या नावावर आडवा शिक्का असतो आणि शेजारी एक अक्षर. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे पत्त्यावर सापडला नाही, क्यू म्हणजे अपात्र. ही अक्षरं पाठ करून टाका. तुमचं अर्धं काम त्यांच्याभोवतीच फिरणार आहे.

वाचताना पेन्सिलने तीन प्रकारच्या खुणा करा. ज्यांच्याबद्दल 'हे तर गेले' असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल ती नावं. एकाच माणसाची दोनदा असल्यासारखी दिसणारी नावं. आणि वगळण्याचा शिक्का बसलेली, पण तुम्हाला काल दुकानात भेटलेली माणसं. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची, तिच्याकडे आधी धावा.

दुबार नावांबाबत मात्र घाई नको. 'सुनीता' आणि 'सुनिता' एकच असू शकतात, तसे 'संतोष बाळू जाधव' नावाचे दोन खरेखुरे इसम एकाच वाडीत असू शकतात. एका घर क्रमांकावर चाळीस मतदार दिसले की लोकांना घोटाळ्याचा वास येतो. चाळीत आणि झोपडपट्टीत ते रोजचंच आहे, कारण सगळ्या खोल्यांना मिळून एकच क्रमांक असतो. घर क्रमांकाच्या जागी शून्य किंवा आडवी रेघ असेल तरी तसंच. पालिकेने तिथे क्रमांकच दिलेला नसतो. यादीवरून फक्त शंका येते, खात्री दारात जाऊनच होते.

दारोदार

निघण्याआधी बीएलओला भेटा. प्रत्येक भागाला एक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असतो. शाळेतले सर, अंगणवाडी सेविका, पालिकेचा कर्मचारी असं कुणीतरी, स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करणारं. नाव आणि संपर्क पोर्टलवर मिळतो. अनेक नवखे बीएलओकडे आरोपी म्हणून बघत जातात आणि पहिल्याच दिवशी दार बंद करून घेतात. त्याच्याकडे जे रजिस्टर असतं आणि गल्लीची जी माहिती असते ती तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही. मान्यताप्राप्त पक्षांनी नेमलेले बूथस्तरीय प्रतिनिधी म्हणजे बीएलएही असतात, निदान कागदावर. आपल्या भागात कुठल्या पक्षाने कुणाला नेमलंय ते विचारून घ्या आणि जमलं तर सगळ्यांना कळवूनच फिरायला लागा.

दारात उभं राहिल्यावर बोलणं साधं ठेवा. 'आम्ही इथलेच, मतदार यादीत तुमच्या घरची नावं बरोबर आहेत का बघतोय. मत कुणाला ते आम्ही विचारत नाही.' आधार क्रमांक मागू नका, कार्डाचा फोटो काढू नका, ओटीपी तर चुकूनही नाही. घरातल्या माणसाला यादीतला चौकोन दाखवा आणि त्यालाच वाचू द्या. मग विचारा: यातलं कुणी वारलंय का, कुणी कायमचं दुसरीकडे गेलंय का, अठरा पूर्ण झालेलं कुणी राहिलंय का. जे उत्तर मिळेल ते वहीत, त्याच दारात.

दुबार नावांचं सगळ्यात मोठं कारण तुम्हाला इथे दिसेल, आणि त्यात कटकारस्थान काहीही नसतं. मुलगी लग्न होऊन सासरी येते, इथे नव्याने नाव नोंदवते, माहेरच्या यादीतलं नाव तसंच राहतं. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्याचं नाव इथेही असतं आणि कोकणातल्या वाडीतही. कारण एकच: पत्ता बदलला तर भरायचा अर्ज वेगळा आहे हे कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. कायद्याने एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही आणि अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे सांगायचं, पण धमकी वाटेल अशा सुरात नाही. बहुतेक लोक 'अहो मग ते गावचं काढून टाका' असंच म्हणतात. काहींना गावचं ठेवायचं असतं. तो निर्णय त्यांचा.

कुलूपबंद घर ही वेगळी गोष्ट आहे. बीड किंवा अहिल्यानगरच्या ऊसतोड वस्तीवर दिवाळीनंतर गेलात तर घरामागून घर कुलूप दिसेल. पडताळणीला आलेल्या माणसाने 'स्थलांतरित' लिहिलं की संपलं. पण १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० स्पष्ट सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणूस त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी असणं थांबत नाही. कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, तो परत येणारच असतो. अशा वस्तीवर काम करणाऱ्या गटाने हे कलम एका कागदावर लिहून खिशात ठेवावं आणि शक्य तर मुकादम टोळी घेऊन निघायच्या आधीच फेरी उरकावी. शहरात हीच गत बांधकामावरच्या मजुरांची आणि पुनर्विकासात भाड्याने दुसरीकडे गेलेल्या सोसायट्यांची.

सहा, सात, आठ

नमुना ६, म्हणजे फॉर्म ६, फक्त पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यासाठी. वयाची पात्रता आता वर्षातून चार तारखांना धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. 'जानेवारीत अठरा पूर्ण नव्हते, आता पुढच्या वर्षी' असं कुणी म्हणालं तर ते जुनं झालं. पत्ता बदल, नावातली चूक, फोटो, हरवलेलं ओळखपत्र, अपंगत्वाची नोंद, या सगळ्यासाठी नमुना ८. मतदारसंघ बदलला तरी आठच. सासरी आलेल्या सुनेने आठ भरला असता तर दुबार नाव झालंच नसतं.

नमुना ७ मात्र जपून. तो नाव वगळण्यासाठीचा किंवा नाव समाविष्ट करण्याला हरकत घेण्याचा अर्ज. तो त्याच मतदारसंघातल्या मतदारालाच करता येतो आणि त्यावर तुमचं नाव राहतं. मयत व्यक्तीसाठी घरच्यांनाच भरायला सांगा, मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. विषय दोन मिनिटांत संपतो. दुबार असेल तर त्या व्यक्तीनेच स्वतःच्या सहीने कुठलं ठेवायचं ते कळवावं. घरच्यांना न विचारता शेजाऱ्याची नावं सात नंबरने उडवत सुटणारा गट म्हणजे उपद्रव, त्याचा हेतू कितीही शुद्ध असो. एक दुबार नाव यादीत राहिलं तर फार तर गैरवापराची एक शक्यता राहते. एक खरा मतदार कापला गेला तर त्याचं मत नक्की गेलं. दोन्हींत चूक व्हायचीच असेल तर पहिली परवडते. माझा गट याच नियमाने चालतो आणि यावरून आमच्यात भांडणंही झाली आहेत.

गठ्ठ्याने अर्ज घेऊन गेलात तर निवडणूक शाखा घेणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. अर्ज ज्याचा त्यानेच, ऑनलाइन किंवा बीएलओमार्फत. तुम्ही भरायला मदत करा, संदर्भ क्रमांक वहीत उतरवा.

दर आठवड्याला नमुना १० बघा

हे काम फारसं कुणी करत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. आलेल्या प्रत्येक अर्जाची यादी नोंदणी अधिकाऱ्याला प्रसिद्ध करावी लागते: नव्या नावांची नमुना ९ मध्ये, वगळण्याच्या अर्जांची १० मध्ये, दुरुस्त्यांची ११ मध्ये. त्या कार्यालयाच्या फलकावर लागतात, संकेतस्थळावरही येतात, आणि त्यावर हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. म्हणजे नाव कापायचा अर्ज आला आणि नाव कापलं गेलं, या दोन्हींच्या मध्ये एक खिडकी उघडी असते.

ती खिडकी किती कामाची आहे हे आळंदमध्ये दिसलं. आळंद म्हणजे कर्नाटकातला कलबुर्गी जिल्हा, आपल्या सोलापूर-धाराशिवच्या सीमेला लागून. तिथे २०२३ च्या विधानसभेआधी नावं वगळण्यासाठी ऑनलाइन ६,०१८ अर्ज आले. एका बीएलओला त्यात आपल्याच नातेवाइकाचं नाव दिसलं. ज्या शेजाऱ्याच्या नावाने अर्ज होता त्याला विचारलं, तर त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मग सगळेच अर्ज प्रत्यक्ष जाऊन तपासले गेले आणि फक्त २४ खरे निघाले. नावं वाचली, गुन्हा दाखल झाला. आपल्याकडे चंद्रपूरच्या राजुरा मतदारसंघात २०२४ मध्ये उलट झालं: नवी नावं घालण्यासाठी हजारो संशयास्पद ऑनलाइन अर्ज आले, ते फेटाळले गेले आणि पोलिसांत तक्रार गेली. पुढे दोन्ही प्रकरणांवरून देशभर राजकारण रंगलं, ते बाजूला ठेवा. आपल्यासाठी कामाचा भाग एवढाच की दोन्ही ठिकाणी खोटेपणा अर्ज आणि पत्ता शेजारी ठेवून बघितल्यावर उघडा पडला.

तेव्हा गटातल्या एकाकडे हे काम कायमचं द्या. दर सोमवारी नमुना १० उघडायचा, आपल्या भागाची नावं काढायची, त्याच संध्याकाळी त्या घरी जायचं. 'काका, तुमचं नाव काढा असा अर्ज आलाय, तुम्हाला माहीत आहे का?' अर्जदाराच्या घरीही जायचं. नवीन नावांसाठी नमुना ९ घेऊन तेच: हा पत्ता खरा आहे का, तिथे ही माणसं राहतात का.

कागद जपा

तोंडी सांगितलेलं कचेरीत हवेत विरतं. प्रत्येक तक्रार लेखी, दोन प्रतींत. एक टपाल शाखेत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. 'साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या' असं म्हणाले तरी टपाल शाखेला अर्ज घ्यायला साहेब लागत नाहीत. तक्रारीत विशेषणं नकोत. भाग क्रमांक, अनुक्रमांक, नाव, काय चुकलं, पुरावा काय, काय हवं. 'लोकशाहीचा खून' हे शब्द पत्रकार परिषदेसाठी ठेवा. कारकुनाला त्यावरून कुठली नोंद काढायची ते कळत नाही.

अर्ज फेटाळला गेला किंवा नाव चुकीने वगळलं गेलं तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिलं अपील, तिथे नाही जमलं तर तीस दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं. कशाच्या आधारावर नाव कापलं, नोटीस कुणाला आणि कधी दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. नाव कापण्याआधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, त्यामुळे नोटिशीची प्रत मागणं हा सगळ्यात धारदार प्रश्न असतो.

कारण मागितल्याने काय होतं ते बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात, म्हणजे घरोघरी जाऊन यादी नव्याने तपासण्याच्या मोहिमेत, दिसलं. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली होती. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने ती नावं कारणांसह आणि ओळखपत्र क्रमांकाने शोधता येतील अशी प्रसिद्ध करायला लावली. त्यानंतर गावोगावच्या कार्यकर्त्यांना 'मयत' ठरवलेला माणूस यादीशी ताडून दाखवता येऊ लागला.

एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा: उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. नाव घालणं, काढणं, दुरुस्ती, सगळं बंद. पुण्यात १७ एप्रिल २०१४ ला लोकसभेच्या मतदानादिवशी नावं नसलेले मतदार मोठ्या संख्येने रस्त्यावर आले होते. त्या दिवशी त्यांच्यासाठी कुणालाही काही करता येणं शक्य नव्हतं.

आणि यादीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. यादी सार्वजनिक आहे हे खरं, पण बायकांची नावं, वय आणि पत्ते एकत्र करून फिरवणं हा वेगळाच उद्योग होतो.

मतदानाचा दिवस

नागरिक म्हणून तुम्हाला केंद्राच्या आत बसता येत नाही. आत बसतात ते उमेदवारांचे मतदान प्रतिनिधी. बाहेर, शंभर मीटरच्या पलीकडे, यादी घेऊन बसा आणि लोकांना भाग-अनुक्रमांक शोधून द्या. याने जेवढं मतदान वाचतं तेवढं दिवसभर व्हिडिओ काढून वाचत नाही.

तीन गोष्टी लोकांना आधीच सांगून ठेवा. मतदान संपायच्या वेळेला जो रांगेत आहे त्याला मत देता येतं. केंद्राध्यक्ष शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत येतात. तुमच्या नावाने आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका, टेंडर व्होट मागा. मतपत्रिकेवर मत घेऊन ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. ते मत मोजणीत धरत नाहीत, पण न्यायालयात तोच पुरावा असतो. आणि व्हीव्हीपॅटवर, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्रावर, सात सेकंद दिसणारी चिठ्ठी वेगळीच आली असं वाटलं तर तिथेच केंद्राध्यक्षाला सांगायचं. लेखी घोषणा देऊन चाचणी मत करून बघता येतं. मात्र तक्रार खोटी ठरली तर गुन्हा आहे.

आचारसंहितेच्या तक्रारींसाठी, म्हणजे पैसे, दारू, धमकी यांसाठी, सी-व्हिजिल ॲप. जागेवरूनच फोटो किंवा छोटा व्हिडिओ टाकायचा. त्यावर १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. यादीच्या अडचणींसाठी १९५० ही हेल्पलाइन.

तुमच्यापैकी कुणाला आत बसायचंच असेल तर एखाद्या उमेदवाराचा प्रतिनिधी व्हावं लागेल. त्यात गैर काही नाही, पण मग त्या दिवसापुरता तो माणूस 'निःपक्षपाती नागरिक गटाचा' नाही, त्या उमेदवाराचा. हे गल्लीत स्पष्ट सांगा. त्याने पहाटे मतदानाच्या दीड तास आधी पोचायचं. तेव्हा प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचं मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतं, मग ती मतं पुसून यंत्र सील होतं. यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक तिथेच लिहून घ्यायचे.

सतरा-सी

संध्याकाळी केंद्राध्यक्ष नमुना १७-सी भरतात: या केंद्रावर किती मतदार, रजिस्टरवर किती जणांनी सह्या केल्या, यंत्रात किती मतं नोंदली गेली, यंत्रांचे क्रमांक काय. याची सही केलेली प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला द्यायची असते. आपण मात्र पाचच्या सुमारास घरी निघून गेलेले प्रतिनिधी बघत आलो आहोत, सगळ्या पक्षांचे.

२०२४ मध्ये महाराष्ट्रात संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५. या फरकावरून रान उठलं. पाचचा आकडा हा केंद्रांवरून तोंडी आलेला अंदाज असतो, तो कुठल्याही कागदावर सही होऊन आलेला नसतो. त्यानंतर तासभर मतदान चालू असतं आणि रांगा असतात. तेव्हा दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी करून काही सिद्ध होत नाही आणि काही खोडूनही निघत नाही. सिद्ध करायचं असेल तर केंद्रामागून केंद्र १७-सी गोळा करायचे आणि निकालानंतर प्रसिद्ध होणाऱ्या नमुना २० मधल्या केंद्रनिहाय बेरजेशी ताडायचे. डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून केंद्रांवरचं सीसीटीव्ही चित्रण सामान्य माणसाच्या तपासणीतून बाहेर काढलं गेलं, आणि ते ४५ दिवसांनंतर ठेवण्याचं बंधनही, निवडणूक याचिका नसेल तर, आता नाही. हा बदल मला मुळीच पटलेला नाही. पण त्यामुळे १७-सीच्या कागदाची किंमत वाढली हेही खरं.

तुमच्या गटाने सगळ्या उमेदवारांकडे, अपक्षांसकट, आधीच जाऊन सांगावं: आमच्या केंद्राच्या १७-सीची छायाप्रत आम्हाला द्या. जे देतील त्यांची ताडून बघा. बहुतेक वेळा आकडे जुळतात. जुळले तर तेही फलकावर लावा, न जुळलेल्या केंद्राइतक्याच मोठ्या अक्षरांत.

माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने ईव्हीएमवरच्या शंकेपोटी ३ डिसेंबर २०२४ ला मतपत्रिकेवर गावापुरतं फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं. प्रशासनाने जमावबंदी लावली आणि मतदान झालं नाही. गावाची शंका जगाला कळली, पण अशा मतदानाला कायद्यात स्थान नाही आणि पोलिसांत गुन्हे मात्र खरे नोंदले जातात. मतदान गुप्त असल्याने दुसऱ्यांदा लोक काय सांगतील यावरून पहिल्यांदाचं काहीच ठरत नाही. गावकऱ्यांची तळमळ मान्य करूनही नवख्या गटाला मी हा मार्ग सांगणार नाही.

यंत्राची तपासणी मागायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निवाड्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला दिला आहे. निकालानंतर सात दिवसांत, खर्च भरून, मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांपुरता. नागरिकाला तो नाही. निवडणूक याचिका मात्र मतदारसंघातल्या कुठल्याही मतदाराला उच्च न्यायालयात करता येते. निकालापासून ४५ दिवस, त्यानंतर एक दिवसही वाढवून मिळत नाही. त्यासाठी वकील गाठायचा तो पहिल्या आठवड्यात, आणि त्याच्या टेबलावर ठेवायची ती शिक्के मारलेल्या अर्जांची फाइल, नमुना १० च्या प्रती आणि सह्या असलेले १७-सी.